पुढच्या उजव्या चाकातली हवा

मामंजी, त्या दिवशी जीपच्या ब्रेकमध्ये हवा राहिली ती तुमच्या हातून राहिली नव्हती. ती माझ्या पायामुळे शिरली. सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते पहिल्या दोन ओळींत सांगून झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे लिहिताना हात थरथरेल, रडू येईल, निदान छातीत काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. बाजूला चहा आहे, तो निवायच्या आत मी मधूनमधून घोट घेतेय. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले. एका घरात बारा वर्षं राहून मी तुमच्याशी सलग चार वाक्यं कधी बोलले नाही, त्यामुळे एवढं मोठं पत्र तुम्हाला कसं लिहायचं हेच मला नीट कळत नाही.

मागच्या आठवड्यात लेकीची गाडी घेऊन मिरजोळ्याच्या एका गॅरेजमध्ये गेले होते. उंच, मोठी गाडी आहे, घरातले सगळे मावतात अशी, पण आता जुनी झाली. ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते अशी लेकीची कुरकुर होती. तिला कामावर जायचं होतं, म्हणून गाडीपाशी मी थांबले. मेकॅनिकनं चाक काढलं, आत डोकावला आणि म्हणाला, "काकी, होज पाईप गेलेत. बघा." त्यानं तो रबरी पाईप दोन अंगठ्यांत धरून वाकवला तशा त्यावर बारीक भेगा उघडल्या, भेगाळलेल्या टाचेला पडतात तशा. मी म्हटलं, "वरून कळलं. पण फुगतोय का तेही बघ. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग आणि पाईप मुठीत धरून ठेव." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काकी, गॅरेज होता काय तुमचा?" मी म्हटलं, "नाही रे. मी ब्रेक दाबायला होते." तो हसून म्हणाला, मग या, बसा आणि दाबा. मी नको म्हटलं. गुडघ्याचं कारण सांगितलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

तुमची जीप सरकारी लिलावातली. तुम्ही सरकारी वर्कशॉपातून निवृत्त झालात आणि ज्या जीपांची दुरुस्ती जन्मभर केलीत तशीच एक म्हातारी जीप घरी घेऊन आलात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरासमोरच्या खळ्यात, फणसाच्या सावलीत उभी होती. आंब्याच्या पेट्या तीच वाहायची, देवळात तीच न्यायची, सासूबाईंना डॉक्टरकडे तीच न्यायची. तुमचा मुलगा मुंबईला छापखान्यात, गणपतीला दहा दिवस, शिमग्याला चार दिवस आणि मे महिन्यात जमलं तर आठवडा, एवढाच घरी. बाकी वर्षभर घरात तुम्ही, सासूबाई, मी आणि पुढे आमची लेक. मोहोर धरला की तुम्ही जीपच्या पोटाखाली शिरायचात. सीझनमध्ये पेट्या लादून घाटी उतरायची म्हणजे ब्रेक आधी बघायचा, हा तुमचा नेम. पुढे दोन आणि मागे एक असे तीन रबरी पाईप, बाकी सगळं लोखंडी. लोखंडाचं तुम्हाला काही वाटायचं नाही, तुमचा संशय नेहमी रबरावर. समुद्राच्या हवेनं ते वरून चांगलं दिसतं आणि आतून कुजतं असं म्हणायचात. एकदा पोटाखालूनच, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही, म्हणालात, "रबर बोलत नाय. आपणच इचारायचा असता."

आणि विचारायला तुम्हाला वर एक पाय लागायचा. आधी सासूबाई बसायच्या, पण त्यांना पेंग यायची. मग पहिल्याच वर्षी त्यांनी मला पुढे केलं. सासरा चाकापाशी आडवा झालेला आणि सून त्याच्या गाडीत सीटवर बसलेली, हे तेव्हा आपल्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. मी डोक्यावरचा पदर दातांत धरून बसले होते. तुम्हीही अवघडला असाल, कारण "दाब", "सोड" असं ओरडून सुनेला हुकूम सोडायचे हे तुम्हाला बरं वाटेना. तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, त्यांनी मला सांगितलं: पान्यानं एक टकटक केली की पाय दाबायचा आणि तसाच धरायचा, दोन केल्या की सोडायचा. तेव्हापासून सात वर्षं आपलं बोलणं ते तेवढं. टक. मी दाबायची. तुम्ही चाकामागचा निपल, म्हणजे नळीतली हवा काढायची बारीक तोटी, उघडायचात, तेल फुसफुसत वाडग्यात पडायचं, त्यातून हवेचे बुडबुडे निघायचे, तुम्ही निपल आवळायचात. टक टक. मी सोडायची. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात आणि पुढचं उजवं सगळ्यात शेवटी, कारण ते माझ्या पायाच्या सगळ्यात जवळ.

त्या कामात तुम्ही मला दोनदाच टोकलंत. पहिल्यांदा मी चप्पल घालून पॅडलवर पाय ठेवला तेव्हा. "अनवाणी ठेव गो. तळव्याला कळता, चपलेला नाय कळत." आणि दुसऱ्यांदा त्याच दिवशी, तुमच्या दोन टकटका व्हायच्या आधीच मी पाय उचलला तेव्हा. तुम्ही पोटाखालून बाहेर आलात, हात पुसलेत आणि शांतपणे समजावलंत. निपल उघडा असताना पाय सुटला की पॅडल वर येता येता बाहेरची हवा आत ओढून घेतं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. मग पाय पहिल्यांदा खाली जातो आणि गाडी थांबत नाही. "मी सांगीपर्यंत सोडायचा नाय. सुटलाच तर बोलायचा. मी परत काढीन, त्यात काय." म्हणजे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

पाईप बदलायचंही मी वरून बघून शिकले. दोन पाने लागतात, एकानं रबरी पाईपचं डोकं धरायचं आणि दुसऱ्यानं लोखंडी नळीचा नट फिरवायचा, नाहीतर नळीला पीळ बसतो. तांब्याची वायसर जुनी वापरायची नाही. नवा पाईप बसवल्यावर त्याच्यावरची रेघ सरळ राहिली पाहिजे. मग स्टेअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवून पाईप टायरला घासत नाही ना ते बघायचं. हे सगळं झाल्यावर तुम्ही स्वतः सीटवर बसायचात आणि तीनदा पाय दाबून बघायचात. मी तोवर पायरीवर उभी. तिसऱ्यांदा दाबून झालं की तुम्ही मान हलवायचात, आणि मी आत जाऊन तुमचा चहा टाकायची. एकदा बागेचे व्यापारी बसले होते त्यांना तुम्ही म्हणालात, "आमच्या गाडीचा पाय हाय ही." मी माजघरात भांडी लावत होते. त्या घरात माझ्याबद्दल कुणी केलेलं ते पहिलं कौतुक. मी तेच ताट दोनदा पुसलं.

त्या वर्षी, म्हणजे सातव्या, तुम्ही तिन्ही पाईप बदललेत. पुढचा उजवा मुठीत फुगत होता, तुम्ही मला खाली बोलवून हातात धरायला दिलात आणि सासूबाईंना सीटवर बसवलंत. खरंच फुगत होता, बेडकाच्या गळ्यासारखा. मला गंमत वाटली. मग नवे पाईप लागले, मी सीटवर गेले, हवा काढणं सुरू झालं. ऊन डोक्यावर आलेलं. सासूबाईंना गावात बहिणीकडे न्यायचं होतं, त्या इरकल नेसून तयार. तीन चाकं झाली. पुढच्या उजव्याला तुम्ही उकिडवे बसलात, मडगार्डाआड, मला फक्त तुमची टोपी दिसत होती. टक. मी दाबला. तेल पडायला लागलं. आणि समोर कुंपणाच्या बेड्यापाशी पोस्टमन सायकलवरून उतरला.

मी तीन आठवडे त्या पत्राची वाट बघत होते. शिमग्याला तुमचा मुलगा येणार की नाही एवढंच त्यात असणार होतं. बेड्याची वरची दांडी काढताना पोस्टमननं निळं पाकीट वर करून दाखवलं, आणि मी सीटवरून अर्धी उठले. मुद्दाम उठले नाही. पाय पॅडलवरून सुटला तेव्हा तळव्याखाली पॅडल वर आलेलं मला कळलं, आणि खालून सुस्स असा बारीक आवाज आला. मी लगेच परत बसले, परत दाबलं. तुम्ही बहुतेक घाम पुसत होतात, किंवा तुम्हाला वाटलं असेल पॅडल तळाला टेकलं. तुम्ही निपल आवळलात. टक टक. मी सोडलं. एवढ्यात पोस्टमन खळ्यात आला, सासूबाईंनी पुढे होऊन पत्र घेतलं आणि मला आणून दिलं. मी तिथेच सीटवर फोडलं. रजा मिळत नाही, शिमग्याला येत नाही, मेमध्ये बघू. बाकी सगळ्यांची खुशाली विचारली होती.

तेव्हा तुम्ही उभे राहिलात. हात कोपरापर्यंत तेलानं बरबटलेले. सासूबाई घाई करत होत्या. तुम्ही सीटकडे बघितलंत, मग हातांकडे, आणि पहिल्यांदाच मला विचारलंत, "पाय कडक लागतो काय गो?" मी दाबला. तो खाली गेला. अगदी तळाला नाही, पण गेला, मऊ, आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर कडक झाला. तळव्याला कळलं. मी म्हटलं, "होय." तुम्ही म्हणालात, "तू म्हणतंस म्हणजे हाय," आणि हात धुवायला विहिरीवर गेलात. नंतर कित्येक वर्षं मी त्या होयचा विचार केला. तुम्हाला 'नाही' म्हणायची मला सवय नव्हती हे खरं. तुम्ही पहिल्यांदा माझ्या शब्दावर सोडलंत, तो मान लगेच गमवायचा नव्हता हेही खरं. आणि त्या क्षणी पत्र मांडीवर होतं आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं, हेही खरं. तिन्ही कारणं मी लिहिली. त्यातल्या एकानंही पुढचं काही बदलत नाही.

सड्यावरचा रस्ता सपाट, तिथे ब्रेक लागतच नाही. उतार सुरू झाला तिथे तुम्ही पाय ठेवलात आणि तो खाली गेला. हे मला सासूबाईंनी सांगितलं. तुम्ही भराभर दाबत राहिलात, पण पाय कडक व्हायच्या आत गाडीनं वेग घेतला होता; गिअर खाली आणलात, हँडब्रेक ओढलात, तो नावालाच होता. खाली शाळा सुटलेली, पांढरे सदरे रस्ताभर. तुम्ही गाडी डावीकडच्या दगडी गडग्यात घातलीत. चिरे कोसळले, जीप थांबली. मुलांना काही झालं नाही. तुमच्या कपाळाला खोक पडली. सासूबाईंचा उजवा हात समोरच्या दांडीवर आपटून मनगटातून मोडला. तो पुढे वाकडाच बसला. त्यांना भाकरी थापता येईना, घागर उचलता येईना, केसांचा अंबाडाही मीच घालायची. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना माहीतच नव्हतं. "तुला उगाच ताप," एवढंच म्हणायच्या, आणि मी त्यांचे केस विंचरत राहायची.

गावातला मेकॅनिक आला, त्यानं बघून सांगितलं, पाईप उत्तम बसलेत, पण पुढच्या उजव्यात हवा आहे. "कोणी काढलीन हवा?" तुम्ही म्हणालात, "मी." त्यानं आपले पाने आवरायला घेतले. तुमच्याच हाताखाली शिकलेला होता. लोक घरी यायचे, दार ओलांडताना हळू बोलायचे, वय झालं, नजर कमी झाली असणार, या वयात कशाला गाडीखाली जायचं. तुम्ही ऐकत बसायचात. पान्यांची पेटी तुम्ही स्वतः माळ्यावर ठेवलीत. मग मी बघायला लागले की तुम्ही स्टोव्हची पिनसुद्धा घालत नाही, विहिरीच्या रहाटाचं वंगण दुसऱ्याला करायला सांगता. पडवीत बसून हात उताणे करून बघायचात, पालथे करून बघायचात. तुमचे हात चांगले होते. अगदी शेवटपर्यंत ते कापत नव्हते. मी चहाची कपबशी द्यायची तेव्हा बघायची, बशी जराही वाजायची नाही.

दहाव्या दिवशी दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. सासूबाई झोपल्या होत्या. मी दाराआड उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "त्या दिवशी पाय कडक होता ना गो?" तुमच्या आवाजात राग नव्हता. मला आता वाटतं की तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही फक्त मला बोलायला जागा करून देत होतात. सुटलाच तर बोलायचा, असं तुम्हीच सांगितलं होतं. किंवा तसं काही नसेल, तुम्हाला खरंच स्वतःवर खात्री करून घ्यायची असेल. मी म्हटलं, "होय." तुम्ही समोरच्या आंब्याच्या कलमांकडे नजर वळवलीत. मग म्हणालात, "मग माजाच कायतरी ऱ्हायला." मी आत आले आणि तांदूळ निवडायला बसले.

पुढची पाच वर्षं मी तुम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ चहा दिला. जीप विकली. तुम्ही खंगलात असं कुणी म्हणालं नाही, तुम्ही जेवायचात, चालायचात, फक्त तुम्ही कुठल्याच कामाचे उरला नाहीत असं तुम्ही ठरवून टाकलंत. शेवटी छातीत कफ झाला आणि चार दिवसांत आटोपलं. मी रडले का ते मला आठवत नाही. घर भरलेलं होतं, चुलीवर पाणी ठेवायचं होतं.

इतकं लिहून मी थांबले होते. इथवर वाचून कुणी म्हणेल, बिचारी, सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती, काय करणार. मीही स्वतःला हेच सांगत आले. पहिल्या होयला ते चालेल. दुसऱ्याला चालणार नाही. अपघाताची तार गेल्यावर तुमचा मुलगा नवव्या दिवशी आला. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, ते चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "बाबांच्यानं आता नाही होणार. बाग, गाडी, काहीच नाही. मला मुंबई सोडूनच यावं लागेल." त्यांना छापखाना आवडायचा. त्यांचा चेहरा पडला होता. मी भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला विचारलंत. तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर तुमचे हात तुम्हाला परत मिळाले असते, आणि ते रविवारच्या गाडीनं परत गेले असते.

ते गेले नाहीत. आत्ता बाहेर पडवीत बसून पेपर वाचतायत, मधूनच चष्मा कुठे ठेवला म्हणून मला विचारतायत. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. मामंजी, मी तुम्हाला घाबरत नव्हते. मला ते घरी हवे होते.